घर ओलांडेपर्यंत

कोणी अपमान केला की दादा भांडत नसे. दोन बोटांनी सावकाश मिशी पुसायचा आणि म्हणायचा, "बाजूला काढून ठेवलाय. सडत नाय तो."

तो म्हणजे अपमान. आमच्या चिंचणीत पावसाळ्यासाठी सुके बोंबील काढून ठेवतात, तसे दादाकडे अपमान काढून ठेवलेले असत, आणि वेळ आली की एकेक बाहेर निघे. गिरणीवाल्याने एकदा त्याला दळणाच्या रांगेत मागे ढकललं होतं. दोन वर्षांनी त्या गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो बँड सांगायला आला. दादाने त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की तुमच्या आधी तिघं येऊन गेलेत, तुम्ही आपले रांगेत या. तिघं कोण ते मला ठाऊक होतं, कोणीही नव्हतं. गिरणीवाल्याने चार चकरा मारल्या. लग्नात मात्र दादाने असं वाजवलं की मुलीची पाठवणी करताना गिरणीवाला आमच्याच खांद्यावर रडला.

दादा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात बॉयलरवर होता आणि लग्नसराईत स्वतःचा अकरा जणांचा बँड चालवायचा. ट्रम्पेट त्याचं. मी त्याच कारखान्यात फिटर, आणि बँडमध्ये साइड ड्रम माझ्याकडे. आमचा एक सुपरवायझर त्याला सगळ्यांसमोर म्हणायचा, "ए बाजेवाले, प्रेशर कम है, ज़रा फूँक मार दे." दादा हसायचा. त्याच सुपरवायझरची बदली झाली तेव्हा निरोपसमारंभात दादाला वाजवायला सांगितलं. त्याने ट्रम्पेटवर शिफ्ट सुटल्याचा भोंगा हुबेहूब वाजवला. लोक सवयीने उठले आणि डबे घेऊन निघून गेले. साहेबांचं भाषण अर्ध्यावर राहिलं.

तुमच्याही ओळखीत असा डूख धरणारा एखादा असेल. अशा माणसांना लोक वाईट म्हणतात. मी म्हणत नाही. ज्याला अपमान आठवत नाही त्याला उपकारही आठवत नसणार, असं माझं मत आहे, आणि दादाला माझ्या थोरल्या पोराच्या आजारपणात कोण कोण दवाखान्यात येऊन बसलं होतं तेही तोंडपाठ होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो रस्ता पाहायला निघायचा. वरात कुठून निघणार, कुठे वळणार, कुठे तारा खाली लोंबतात, हे सगळं पाहायचाच. पण मुख्य चौकशी वेगळी असे. टपरीवर, पिठाच्या गिरणीत, नळावर तो विचारायचा, या वर्षात कोणाकडे कोणी गेलंय का. आमच्याकडे अशा घरासमोर वरात वाजत जात नाही. कुंपण सुरू झालं की बँड बंद, कुंपण संपलं की पुन्हा सुरू. मधे फक्त चपलांचा आवाज, आणि नवरा घराकडे वळून हात जोडतो. दादाचा डावा हात वर गेला की आम्ही अकराच्या अकरा जण एका ठोक्यावर थांबायचो. गंमत पुढे होती. हात खाली आला की गाणं थांबलं तिथून सुरू व्हायचं नाही, तेवढ्या वेळात ते जिथवर पोचलं असतं तिथून व्हायचं. ठेका आम्ही पायांत चालू ठेवायचो. दुसऱ्या बँडवाल्यांना हे कधी जमलं नाही.

तीस वर्षांत त्याच्या हातून असं एकही घर चुकलं नव्हतं. म्हणून मला पुढच्या गोष्टीचा अजून राग येतो, आणि लिहिताना तो कमी करावा असं वाटत नाही.

दादाची बायको, आमची वहिनी, दोन महिन्यांच्या दुखण्यात गेली. तिला जाऊन सहा आठवडे झाले असतील, तेव्हा आमच्याच रस्त्यावरच्या शेटच्या मुलाची वरात निघाली. शेट म्हणजे चिकूच्या वाड्या, ट्रक, आणि गावात चार लोक उठून उभे राहतील एवढा दरारा. त्याने दादाला बोलावलं नव्हतं. त्यात वावगं काही नाही, सुतकाच्या घरातल्याला कोण बोलावणार. त्याने बाहेरून मोठा बँड आणि डीजेची गाडी आणली होती. दादाच्या कुंपणाशी वरात आली तेव्हा शेजाऱ्यांनी हात वर केले. बाहेरचे वाजवणारे बिचारे थांबलेही. पण शेट पुढे आला आणि म्हणाला, "वाजंत्र्याच्या घराला कसलं सुतक? वाजवा. त्याला बरं वाटेल." आणि वरात तिथेच थांबवून एक सिनेमातलं नाचाचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून घेतलं.

मी दादाबरोबर ओट्यावर बसलो होतो. आत भिंतीवर वहिनीचा फोटो त्या गाडीच्या आवाजाने हलत होता. मी उठलो तर दादाने मनगट धरून मला खाली बसवलं. मग तो स्वतः दारात जाऊन उभा राहिला आणि गाणं संपेपर्यंत नवऱ्याला हात जोडून राहिला. वरात गेल्यावर त्याने मिशी पुसली. मी वाट पाहत होतो, पण त्या दिवशी तो नेहमीचं वाक्य बोलला नाही.

पुढच्या मोसमात पहिल्याच वरातीत, शेटचं कुंपण आलं आणि दादाचा डावा हात वर गेला.

आम्ही थांबलो. पाय चालत राहिले. मी मनात मोजलं, शेटच्या कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक्केचाळीस पावलं. शेट बनियनवर अंगणात उभा, हातात पाण्याची नळी, झाडांना पाणी घालतोय. नवऱ्याला वाटलं खरंच कोणी गेलंय. त्याने बिचाऱ्याने थेट शेटकडे पाहून हात जोडले. एक्केचाळिसाव्या पावलाला दादाचा हात खाली आला आणि बँड असा फुटला की माझ्या अंगावर काटा आला. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

त्या मोसमात त्या रस्त्याने आमच्या नऊ वराती गेल्या आणि शेटच्या घरासमोर नऊही बंद झाल्या. मग मजा सुरू झाली. लोक विचारू लागले, शेटकडे कोण गेलं? डहाणूकडचे त्याचे कोणी लांबचे पाहुणे पांढरे कपडे घालून भेटायला आले आणि दार उघडायला शेटच आला. दूधवाल्याने दोन दिवस आवाज न देता दूध ठेवलं. शेट चिडून दादाच्या दारात आला, बरंच बोलला. दादाने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला की शेट, तुमच्या घराला मान देतोय, वाईट काय त्यात? मग शेटने लोकांना सांगायला सुरुवात केली की या बँडला बोलवाल तर मी लग्नाला येणार नाही. बरीच घरं घाबरली. आमच्या वराती निम्म्यावर आल्या, चौघांनी बँड सोडला. दादाने हात वर करायचं सोडलं नाही. त्याला काय हवं होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. शेटने त्याच्या दारासमोर, रस्त्यावर उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं. चुकलं, एवढंच.

अशाच एका वरातीत नवरीची मैत्रीण म्हणून मुंबईची एक पियानो वाजवणारी बाई आली होती. ती आमच्या कडेने चालत होती. शेटचं कुंपण आलं, आम्ही थांबलो, पावलं वाजली, आम्ही पुन्हा सुरू झालो, तर ती रस्त्यात उभीच राहिली. नंतर मांडवामागे येऊन दादाला विचारू लागली की ही जागा कोणी बसवली, एवढी लांब शांतता मोजता कशी. तिला वाटलं ही गाण्यातलीच रचना आहे. दादा म्हणाला, "ते एका माणसाचं घर हाय." तिला ते काहीतरी खोल वाटलं. तिने वहीत लिहून घेतलं.

ती परत आली. जॅझचा अल्बम करू म्हणाली, पुढारी तुम्ही, नाव तुमचं. जॅझ म्हणजे काय ते मला आजही धड सांगता येणार नाही. दादाला ती चार दिवस ऐकवत होती, मग त्यानेच मला समजावलं, "नवऱ्याचे दोस्त नाचत एका जागी अडले की आपण काय करतो? गाणं संपवायचं नाय, आणि तेच तेच वाजवायचं नाय. तेच हे. फक्त इते नवरा नाय." मला पटलं. अर्धा अर्धा तास आम्ही ते करत आलो होतो, त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचा हॉल मिळाला. पंखे आवाज करतात म्हणून बंद. पियानोवाली, तिचा एक मोठं उभं वाद्य वाजवणारा, एक ड्रमवाला, आणि दादा. सगळे घामाने निथळत, आणि सगळ्यांचं लक्ष दादाच्या डाव्या हातावर. एका गाण्यात बाहेरून मासळीवालीची हाक आलीय, ती तशीच ठेवली. एक गाणं बॉयलरच्या वाफेचं होतं, एक वहिनीचं. वहिनीचं वाजवताना त्याने डोळे उघडे ठेवले होते आणि तो माझ्याकडे पाहत होता. मी दुसरीकडे पाहिलं.

शेवटचं गाणं शेटचं. त्याला शेटचं नाव द्यायचं दादाच्या मनात होतं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. पियानोवालीने पुष्कळ समजावलं, तेव्हा नावाऐवजी 'घर ओलांडेपर्यंत' असं ठरलं. त्यात पावलं हवीत म्हणून मला आणि बँडच्या उरलेल्या पाच जणांना बूट घालून हॉलमध्ये चालवलं. एक्केचाळीस पावलं. रेकॉर्डिंग करणारा माणूस भला होता. तो म्हणाला, शांतता फार लांब होते, ऐकणाऱ्याला वाटेल बंद पडलं, दहा पावलांवर आणू. दादाने ट्रम्पेट खाली ठेवलं. "घर एवडंच हाय," दादा म्हणाला. "लहान करू काय त्याचं घर?"

अल्बम निघाला. वरती दादाचा फोटो, लाल कोटात, आणि त्याचं नाव. मुंबईला एका छोट्या सभागृहात कार्यक्रम झाला, मला त्याने पावलांसाठी नेलं. शांतता आली तेव्हा लोक टाळ्या वाजवू लागले. दादाने वर धरलेला डावा हात आणखी उंच केला तसे गप्प झाले. त्या शहाण्या माणसांना आम्ही शेटच्या कुंपणासमोरून चालवत नेलं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

आमच्याकडे मात्र सगळ्यांना माहीत होतं. बोईसर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांच्या मोबाइलवर ते गाणं गेलं. एकदा शेट दवाखान्यातून रिक्षाने घरी येत होता, गाणं चालू होतं, एकदम आवाज थांबला. रिक्षावाला आमच्याच गावचा. तो मागे न वळता म्हणाला, "शेट, आता तुमचं घर चाललंय." ही गोष्ट मला रिक्षावाल्यानेच सांगितली. मी त्याला दोनदा सांगायला लावली.

शेटची किडनी गेली होती. आठवड्यातून दोनदा त्याला बोईसरला नेत. त्याने दादाला निरोप पाठवला. दादा मला घेऊन गेला. खाटेवर शेट निम्मा झाला होता, त्याची बायको पायाशी बसली होती. ती आत जाऊन पाणी घेऊन आली. शेट म्हणाला, झालं ते झालं, माझ्या डोळ्यांदेखत एकदा माझ्या दारातून वाजत जा.

"जाईन," दादा म्हणाला. "तुमी माज्या दारासमोर, रस्त्यावर उबे राहा आणि बोला, चुकलं."

"मला चालवत नाय."

"खुर्ची आणतो."

शेटने तोंड भिंतीकडे वळवलं. आम्ही पाणी न पिता उठलो. बाहेर आल्यावर मी, खरं सांगतो, मनातून खूश होतो. तीन आठवड्यांनी शेट गेला.

त्यानंतरची पहिली वरात माघात होती. आदल्या दिवशी दादा रस्ता पाहायला गेला नाही. दुपारी चारची वेळ, लख्ख ऊन. शेटचं कुंपण आलं. आता तर बँड बंद होणं रीतीचंच होतं. आमच्या पायांना सवय होती, मी काठ्या उचलूनही घेतल्या. दादाचा डावा हात वर गेलाच नाही. त्याने चालू गाणं सोडलं आणि दुसरं धरलं. तेच, शेटने त्याच्या दारात वाजवून घेतलेलं. त्याने नवऱ्याला थांबवलं आणि फाटकासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते वाजवलं. मी जन्मात कधी इतका चांगला ड्रम वाजवला नाही. काठी तुटेल असं वाटत होतं आणि तुटली तर तुटू दे असंही वाटत होतं. मधेच ट्रम्पेटचा सूर फाटला. मला वाटलं श्वास कमी पडला. गाणं त्याने पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या वेळेला दादा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे आला आणि म्हणाला चल. तो शेटच्या फाटकासमोर, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. भाजीवाल्या, शाळेतली पोरं, सगळे बघत होते. शेटची बायको बाहेर आली. दादाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाय, माजं चुकलं."

ती मान हलवून आत गेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी पोचेपर्यंतही मी थांबलो नाही. रस्त्यातच त्याला म्हणालो की त्या माणसाने मरेपर्यंत एक शब्द काढला नाही, त्या एका शब्दासाठी आम्ही वराती घालवल्या, माणसं घालवली, आणि तू तो शब्द त्याच्याच दारात फुकट टाकून आलास. दादाने ऐकून घेतलं.

"ती दारात आली होती," तो म्हणाला. "गाणं संपेपर्यंत नवऱ्याला हात जोडून उबी होती. तू बगितलं नायस. तू ड्रम बगत होतास."

मी म्हणालो, मग? तो म्हणाला, "मग काय. शेट नव्हता तिते. ती होती."

त्यानंतर दादाने ट्रम्पेट हातात घेतलं नाही. कारखान्यातून निवृत्त झाला आणि मुलीकडे दातिवऱ्याला राहायला गेला. दोनदा त्याचा फोन आला, मी उचलला नाही. तिसऱ्यांदा त्याच्या मुलीचा आला. छातीत दुखलं आणि तासाभरात गेला होता. मी पोचलो तेव्हा समुद्राकाठच्या स्मशानात चिता पेटली होती. पियानोवाली आली होती, कोपऱ्यात उभी राहून रडत होती. मी रडलो नाही. मला त्याचा राग होता, आणि आता तो काढायला माणूसच राहिला नव्हता. दोन फोन मी उचलायला हवे होते, हे मी कोणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतो.

आता बँड मी चालवतो. ट्रम्पेटला एक वेल्डर आहे, बरा वाजवतो, पण हात मी करतो. शेटला जाऊन तीन वर्षं झाली. रीतीप्रमाणे त्या घरासमोर आता खुशाल वाजवत जावं. मी जात नाही. कुंपण आलं की माझा हात वर जातो. दादाने माफी मागितली असेल, मी मागितलेली नाही. शेट माझ्यासाठी अजून त्या ओट्यासमोर उभा आहे आणि म्हणतोय की वाजंत्र्याच्या घराला कसलं सुतक. त्याला मी एक्केचाळीस पावलं ऐकवतो, दर वरातीला, आणि माझे पाय चालतात तोवर ऐकवणार आहे.

या वैशाखात वरात तिथून जात होती. बँड बंद होता. शेटची बायको फाटकाशी आली. फार वाकलीय आता. तिने नवऱ्याला नाही, मला हात जोडले आणि बरोबरीने दोन पावलं चालत म्हणाली, "तीन वर्सं झाली तरी तुमी पाळताय. त्यांचं एवडं कोणीच केलं नाय, पोरांनीबी नाय."

मला खरं सांगता आलं असतं. अजून पंधरा पावलं बाकी होती, तेवढ्यात सांगून झालं असतं. माझ्या एका हातात काठ्या होत्या, दुसरा वर होता. जोडायला हात नव्हते म्हणून मी तिच्यापुढे मान खाली घातली.